‘काम करतात ना, मग कळवळा कशाला हवा?’ या पोस्टला उत्तर

कळव्याची_माहेरवाशीण

काल इथे एकांनी लिहिलं होतं, "नेता म्हणजे आपला मामा-काका नव्हे. त्याने रस्ते, पाणी, मेट्रो बघावी. दुर्घटना झाली की तो भेटायला आला नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून बोंबा मारणारे भावनिक मूर्ख आहेत." खाली अंगठ्यांची रांग. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

मला कुणाचं रडणं नकोय. माझे वडील इथल्याच एका सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. एके दिवशी सकाळी सातलाच वॉर्डात धावपळ सुरू झाली. फिनेलचा वास, महिनाभर बंद असलेली ट्यूब बदलली, आणि बाबांच्या अंगाखालची डागाळलेली चादर काढून इस्त्रीची हिरवी चादर घातली. आम्हा नातेवाइकांना जिन्यात उभं केलं. साडेअकराला साहेब आले. मी दाराच्या फटीतून बघत होते. ते बाबांच्या खाटेशी थांबले, खांद्यावर हात ठेवला, "काय काका, बरं वाटतंय ना?" म्हणाले. बाबांच्या तोंडावर मास्क. उत्तर द्यायचं तर तो बाजूला करायला हवा, म्हणून त्यांनी हात उचलला. तोवर फोटो झाला होता आणि साहेब पुढच्या खाटेशी पोचले होते. बाबांचा हात तसाच वर राहिला. दुपारी ती हिरवी चादर काढून नेली. जुनी काही परत आली नाही. संध्याकाळपर्यंत बाबा रेक्झिनच्या उघड्या गादीवर होते.

त्यांना काय सांगायचं होतं ते मला ठाऊक आहे. रात्रपाळीला एकच सिस्टर असते आणि लघवीला न्यायला कुणी येत नाही, एवढंच. अर्धं मिनिट थांबले असते तर साहेबांना कळलं असतं. संवेदना म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की विचारलंत तर उत्तराला थांबा.

आणि हे कामापेक्षा वेगळं आहे, हेच मला मान्य नाही. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण सोहळा, सरकारी कार्यक्रम. मंचावर मांडव, समोरचं मैदान उघडं, लाखो माणसं सकाळपासून उन्हात. उष्माघाताने १४ जण गेले. त्यानंतर सरकारने जाहीर केलं की दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. हे कळायला कुठला तज्ज्ञ लागत होता? एप्रिलच्या उन्हात आपली आई तासभर रांगेत उभी राहिली तर काय होतं, हे ज्याच्या मनात येईल त्याला ते आधीच सुचलं असतं. तिथे नियोजन चुकलं, कारण समोरच्या माणसाच्या जागी कुणी स्वतःला ठेवूनच पाहिलं नाही.

सीवूड्स_सेक्टर४४

ती पोस्ट माझीच. ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ‘मूर्ख’ हा शब्द मागे घेतो. बाकीचं एक अक्षरही नाही.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री डोंगर चढून वर गेले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या मनात कळवळा होता असंच धरून चालू. पण वाडीला गाडीरस्ता नव्हता म्हणून जेसीबी वर पोचू शकले नाहीत, लोकांना हातांनी माती उपसावी लागली. आता सांगा, त्या वाडीला कळवळा हवा होता की रस्ता?

उलट उदाहरण आर. आर. पाटलांचं. सव्वीस-अकरानंतर, मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात, अशा अर्थाचं ते बोलून गेले आणि डिसेंबर २००८ उजाडताच गृहमंत्रिपद गेलं. अंजनीसारख्या खेड्यातून आलेला माणूस, डान्स बार बंदी त्याची, तंटामुक्त गाव योजना त्याची. गरिबाबद्दल आच नव्हती असं कोण म्हणेल? पण एक वाक्य तोंडातून गेलं आणि माणूस निर्दय ठरला. पुढच्या वर्षी तेच पुन्हा गृहमंत्री झाले, म्हणजे तो सगळा आरडाओरडाही वायाच. तुम्ही लोक वाक्यं मोजता, मी कामं मोजतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशी, ऐरोली, आनंदनगरच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल गेला. निवडणुकीसाठी गेला असेल, मला फरक पडत नाही. माझे पैसे वाचले.

टेंभीनाका_जुना

सीवूड्सवाल्यांना ठाणं माहीत नाही, म्हणून हे बोलू शकतात. शिवसेनेच्या आनंद दिघेसाहेबांचा दरबार ज्याने पाहिलाय त्याला कळवळा म्हणजे काय ते शिकवायला लागत नाही. मध्यरात्र उलटून गेली तरी आनंद आश्रमाबाहेर माणसं बसलेली असायची. माझ्या थोरल्या बहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. आई तिला घेऊन रात्री दीड वाजता तिथे गेली. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरचे स्वतः न्यायला आले. आज एका नगरसेवकाचा फोन लावून दाखवा.

कोलबाड_रहिवासी

दादा, तुमच्या बहिणीचं भलं झालं, आनंद आहे. पण २६ ऑगस्ट २००१ ची संध्याकाळही ठाण्याचीच. साहेब ज्या रुग्णालयात वारले, जमावाने ते रुग्णालयच पेटवलं. माझा मामा तिथे दाखल होता. सलाइनची बाटली मामीच्या हातात, मामा चादरीच्या झोळीत, अशा अवस्थेत रस्त्यावर आणला. ज्यांनी जाळलं त्यांचंही प्रेमच होतं ना साहेबांवर? त्या प्रेमात माझा मामा कुठे बसत होता?

टेंभीनाका_जुना

साहेबांनी सांगितलं होतं का जाळायला? गेलेल्या माणसावर ढकलू नका. तुमच्या मामांना जे भोगावं लागलं त्याची मला लाज वाटते, तेव्हाही वाटली होती. पण दरबार आणि दंगल एका पारड्यात घालू नका, हे मी ऐकून घेणार नाही.

कळव्याची_माहेरवाशीण

मी दोघांनाही सांगते. दीड वाजता दार उघडं असणं मोठंच. पण बहिणीला घरात घ्यायला पोलीस आणि कोर्ट असताना एका माणसाच्या दारात बसावं लागलं, हे आपलं दुर्दैव नाही का? तो माणूस गेल्यावर दुसऱ्या बहिणीने कुठे जायचं?

सीवूड्स, इर्शाळवाडीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दरड कोसळल्यावर चढले तसं आदल्या उन्हाळ्यात कुणी चढलं असतं, तर रस्ता नाही हे पायांनाच कळलं असतं.

दिवा_पूर्व

तुम्ही सगळे मोठ्या माणसांचं बोलताय. मी रोज दिवा स्टेशनाहून लोकलला चढते, चढायला मिळालं तर.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या, दारातली माणसं एकमेकांना घासली, १३ जण खाली पडले, त्या दिवशी ४ जण गेले. त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका पुढाऱ्याने चौकात ऐकवलं, "दारात लटकायची हौस कशाला?" हौस! मी तिथेच उभी होते. सकाळी साडेआठला दिव्याच्या फलाटावर उभं राहून दाखव म्हणावं. दोन गाड्या सोडल्यावर तिसरीला पायरीवर एक पाऊल मिळतं. आमच्याकडे तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार जातो. हौस नाही, हिशोब आहे तो.

पण खरं सांगू? पुढाऱ्याचं दुःख वर्षातून एकदा. रोजचं दुःख डोंबिवलीच्या बायकांचं. दाराशी दोन्ही हात आडवे लावून उभ्या राहतात, "पुढे ठाण्याला उतरायचंय, दिवावाल्यांनी चढू नका." आत डब्यात जागा असते, मला दिसत असते.

डोंबिवली_लेडीज_डबा

आता माझं ऐका. एकवीस वर्षं प्रवास करतेय. गाडी डोंबिवलीला लागते तेव्हा अर्ध्या सीटवर दिवा-मुंब्र्याहून उलट दिशेने येऊन जागा धरलेल्या बायका बसलेल्या असतात. रिटर्न येऊन. आम्ही आमच्या स्टेशनावरून ठाण्यापर्यंत उभ्या आणि तुम्ही बसून. मग दिव्याला पुन्हा पन्नास जणी. दार अडवलं नाही तर ठाण्याला उतरता येत नाही. माझी पर्स, ओढणी, एकदा मंगळसूत्र, सगळं त्या दारात तुटलंय. आम्हाला निर्दय म्हणू नका.

दिवा_पूर्व

रिटर्न येणाऱ्या तुमच्या डोंबिवलीच्याही असतात, कल्याणला जाऊन येतात. ते नाही दिसत.

मी सातव्या महिन्यात होते तेव्हाची गोष्ट. पोट दिसत होतं. दारातल्या बाईने माझ्याकडे नीट बघितलं आणि मान फिरवली. हात काढला नाही. चार गाड्या गेल्या. शेवटी फलाटाच्या बाकड्यावर बसून घरी फोन केला, आज नाही जात. ती बाई काही मंत्री नव्हती.

सीवूड्स_सेक्टर४४

हेच मी सांगतोय! नेते आकाशातून पडत नाहीत. दार अडवणाऱ्या डब्यातूनच नेते येतात.

डोंबिवली_लेडीज_डबा

तुम्ही मध्ये पडू नका हो. हार्बरला पनवेलहून बसून येणाऱ्याने आम्हाला शिकवू नये.

आणि जानेवारी २०१५ विसरलात वाटतं. गाडीच्या टपावरचा, वीज घेणारा पेंटोग्राफ तुटला म्हणून दिव्याला लोक रुळावर उतरले, दगडफेक केली, मोटरमनला लागलं. तो काय पुढारी होता? त्यालाही घरी बायको-पोरं होती.

दिवा_पूर्व

मोटरमनला मारलं ते चूकच. शंभर वेळा चूक. पण त्याआधी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, फास्ट गाडी थांबवा म्हणून, कुणी ऐकलं? रुळावर उतरल्यावरच सगळ्यांना दिवा आठवलं आणि मग कुठे फास्ट थांबायला लागली. दिव्याहून सुटणारी लोकल अजून मागतोच आहोत.

पारसिक_नगर

बरोबर. ऑगस्ट २०२२ ची गोष्ट आठवा. साध्या गाड्या काढून त्यांच्या जागी एसी घातल्या. कळव्याच्या लोकांनी कारशेडमधून निघणारी एसी अडवली, बदलापूरलाही लोक चिडले, तेव्हा नव्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. वेळापत्रक करणारा माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण सेकंड क्लासचा पास खिशात घेऊन सकाळी फलाटावर एकदा तरी उभा राहिला असता, तर ते वेळापत्रक कागदावरच फाडलं असतं त्याने.

कोपरखैरणे_गाववाला

रेल्वेचं पुरे करा, नवी मुंबईचे लोकही या धाग्यात आहेत म्हणून बोलतो. तुम्ही ज्या सेक्टरांत राहता तिथे माझ्या आज्याची भातशेती होती. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये लोकांनी योग्य मोबदला मागितला तर गोळ्या घातल्या, ५ जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के आले, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत द्यायची योजना. पोरांची लग्नं झाली, घरं वाढवली, ती आज विनापरवाना ‘गरजेपोटीची घरं’. नोटीस आली की आई जेवत नाही. विमानतळाला आमच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ ला आम्ही मानवी साखळी केली. डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतात, आमच्या डोक्यावरून. सीवूड्सवाले, तुमच्या ‘कामा’च्या यादीत विमानतळ पहिला असेल. माझ्या आईला त्याच्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही.

सीवूड्स_सेक्टर४४

प्रत्येक धाग्यात साडेबारा टक्के आणायचे का? शहर झालं नसतं तर तुमची पोरं कुठे शिकली असती?

कोपरखैरणे_गाववाला

बघा. आताच आईचं सांगितलं आणि तुम्ही पोरांच्या शाळेचा हिशोब मांडलात. ताईंनी वर जे लिहिलंय ना, हात वर राहिला आणि साहेब पुढे गेले, तेच केलंत तुम्ही आत्ता.

सीवूड्स_सेक्टर४४

…ठीक. हे लागलं. आईंना काय विचारायला हवं होतं, ते लिहा. वाचतो.

कोपरखैरणे_गाववाला

एवढंच, की घर कुणाच्या नावावर राहील. म्हणते, मी गेल्यावर पोरांना कागद दाखवा.

सीवूड्स_सेक्टर४४

माझ्या वडिलांनी सोसायटीच्या कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून, बारा वर्षं हेच विचारलं. उत्तर न मिळताच गेले. एवढं मान्य करतो की विचारणाऱ्याला उत्तर मिळणं हेही कामच आहे. पण कळवळा आधी आणि रस्ता नंतर, हे अजूनही पटत नाही.

कळव्याची_माहेरवाशीण

आधी-नंतर मी म्हटलंच नव्हतं. जाऊ द्या, इतकं पुरे.

एक सांगायचं राहिलं. ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली, नवी मुंबईची त्याच्याही आधी, २०२० ला. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. इतकी वर्षं प्रशासक. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ माणसं गेली, तेव्हा ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा निवडून आलेला नगरसेवक ठाण्यात एकही नव्हता. या वेळी प्रचाराला एक उमेदवार घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि वडिलांची गोष्ट सांगितली, चादरीसकट. मागे उभा कार्यकर्ता घड्याळ दाखवत होता. ते उठले नाहीत. "रात्रपाळीला किती खाटांमागे एक सिस्टर?" एवढंच विचारलं. मला आकडा माहीत नव्हता. म्हणाले, काढून ठेवा. मी काढलाय. अजून त्यांनी मागितलेला नाही. सोमवारी मीच जाणार आहे.

डोंबिवली_लेडीज_डबा

दिवा पूर्व, तुमची ती चार गाड्यांची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी हात आडवा लावणाऱ्यांतली आहे, खोटं कशाला बोलू. पोटुशी बाई दिसली तर मी काढते, आजवर काढलाय, पण बाकीच्यांचं मी बोलू शकत नाही. आणि रिटर्न येणं चूक, यावर मी ठाम आहे.

दिवा_पूर्व

मुलगी आता चार वर्षांची आहे. रिटर्न मी कधी आलेले नाही. आठ अठ्ठावीसला मधल्या लेडीज डब्यापाशी असते.