रि: रि: द डॅल्सची सहल – अँटेलोपचा फाटा घ्यायचा की नाही?

खजिनदार:
बसवाल्याला शुक्रवारपर्यंत रूट कळवायचाय. ओरेगनमधल्या द डॅल्स शहराहून अँटेलोप गावाला जाऊन-येऊन तीनेक तास मोडतात, तेही वळणावळणाच्या रस्त्याने. मागच्या सहलीत किती पिशव्या लागल्या ते शेवटच्या सीटवाल्यांना विचारा. नाना, तिथे बघायचं तरी काय आहे?

नाना, हिल्सबरो:
बघायचं काय म्हणजे? १९७४ पासून सात वर्षं कोरेगाव पार्कातून सायकल हाणत कामावर जाताना मी रोज ओशो रजनीशांच्या शिष्यांचे ते भगवे झगे बघितलेत. १९८१ मध्ये त्यांनी इथे ६४,००० एकरांचं रँच घेतलं, शेजारच्या पन्नासेक वस्तीच्या गावची सत्ता मतांच्या जोरावर घेतली आणि १९८४ मध्ये गावाचं नावच 'रजनीश' करून टाकलं. पुढच्या वर्षी ते परत अँटेलोप झालं. पोस्टासमोर दहा मिनिटं उभं राहू, एक ग्रुप फोटो, बस.

माई:
रँचवर आता ख्रिस्ती मुलांची शिबिरं भरतात, आत कोण सोडणार? पोस्टासमोरच्या फोटोसाठी तीन तास? त्यापेक्षा द डॅल्समधली १८५९ ची जुनी लाकडी कोर्टकचेरी दाखवा. खाली शेरीफ नि कोठडी, वर कोर्ट. नातवंडांना कोठडीच आवडणार.

सचिव:
माहितीपत्रकाबद्दल. कुणीतरी "जिल्हा न्यायाधीशांवर विषप्रयोग" असं लिहिलंय, ते काढतोय. विल्यम हल्स हे वास्को काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा, द डॅल्स तिचं मुख्य ठिकाण) 'काउंटी जज' होते, म्हणजे कारभाराचे प्रमुख, जोडीला दोन कमिशनर. आपल्याकडचे जि. प. अध्यक्ष समजा. रँचच्या भेटीत दिलेलं पाणी प्यायले आणि हॉस्पिटलात पोचले. नोव्हेंबर १९८४ मध्ये तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती, त्यासाठी रजनीशवाल्यांचे हे सगळे उद्योग. बेघर लोकांना गावोगावहून बसने आणलं तेही मतांसाठीच.

नाना, हिल्सबरो:
जि. प. अध्यक्ष कसा? माझे मामा जि. प.त होते. अध्यक्ष सदस्य निवडतात, हल्स थेट लोकांनी निवडलेले. इथे शेरीफसुद्धा मतं मागून येतो, कलेक्टर हा प्रकारच नाही. पत्रकात हेही घाला: १८५४ मध्ये वास्को काउंटी कॅस्केड पर्वतरांगेपासून रॉकी पर्वतापर्यंत पसरलेली होती. सुमारे १,३०,००० चौरस मैल, अख्ख्या महाराष्ट्राहून मोठी. तुकडे पडत पडत आता पुणे जिल्ह्याच्या निम्मीही उरली नाही.

मडगावची ताई:
कृपया पत्रकात लिहा की हे वास्को आमच्या गोव्यातलं नव्हे. गेल्या वेळी दोघांनी विचारलं वास्को द गामा इथेही आला होता का! वास्को हे इथल्या मूळ लोकांचं नाव. त्यांच्या मासेमारीचा सेलिलो धबधबा १९५७ मध्ये धरणाखाली गेला. तो द डॅल्सच्या थोडा पुढे, महामार्गालगतच आहे, म्हणजे होता. थांबायचं तर तिथे थांबू, अँटेलोपइतका लांबचा फाटा नको.

माई:
जेवण बाहेर ठरलंय का? त्याच निवडणुकीआधी द डॅल्सच्या दहा हॉटेलांतल्या सॅलड बारवर रजनीशवाल्यांनी साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू टाकून ७५१ माणसं आजारी पाडली होती. चाळीस वर्षं झाली, कळतं मला. तरी कोशिंबीर मी घरून आणते, दाण्याचं कूट घालून.

खजिनदार:
माई, कूट नको, दोन मुलांना दाण्याची ॲलर्जी आहे. आणि फाटा? हो की नाही, एका शब्दात लिहा. नाना, एकाच.