आमसुलापासून चांदीचे नॅनोपार्टिकल करायला गेले आणि दही फुटल्यासारखं झालं, मदत करा

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. मी टीवायबीएस्सी केमिस्ट्री, घर देवगडजवळ. प्रोजेक्टला वनस्पतींच्या अर्कातून सिल्व्हर नॅनोपार्टिकल, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण करायचे असं ठरलं. सगळे कडुनिंब नाहीतर तुळस घेतात म्हणून म्हटलं आपलं काहीतरी घेऊया, कोकम. आता रातांब्याचा, म्हणजे ताज्या कोकम फळाचा सीझन नाही, ते एप्रिल-मेला मिळणार, मग आईच्या बरणीतली आमसुलं काढली. १० ग्रॅम आमसुलं नळाखाली दोनदा धुतली, १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमधे पंधरा मिनिटं उकळली आणि गाळली. अर्क एकदम मस्त लालभडक. सिल्व्हर नायट्रेट १ मिलिमोलर केलं म्हणजे १०० मिलीत १७ मिलिग्रॅम, त्यातलं ९० मिली घेऊन वरून १० मिली अर्क थेंब थेंब सोडायला लागले.

सगळीकडे लिहिलेलं असतं की हळूहळू पिवळं होतं मग तपकिरी. माझं पहिल्या थेंबालाच पांढरं!! दूध नासल्यावर चोथा होतो ना तसा, खाली बसायला लागला. बीकर खिडकीत राहिला तर दुपारपर्यंत तो चोथा करडा-जांभळा झाला. माझी पार्टनर म्हणते रंग बदलला ना मग झाले नॅनोपार्टिकल, लिहून टाक. मला काही पटत नाही. रिपोर्ट द्यायला आठ दिवस आहेत आणि माझी बोटं काळी पडलीत ती वेगळीच, साबणाने जातच नाहीत.

अजून एक. आमच्या काकांना शुगर आहे, पायाला जखम आहे जी भरत नाहीये. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ बघितला की चांदीचं पाणी प्यायलं की सगळं बरं होतं, आता मागे लागलेत की तुझ्या लॅबमधली एक बाटली आण. काय सांगू त्यांना?

भरतीओहोटी:
गो बाय, आमसुलाक मीठ लावतत मां!! आवशीक इचारलंस तर तिना बीकर बघूच्या आधी सांगितला असता 😄

बीकरवाला:
वरच्यांनी एका ओळीत उत्तर दिलंय, मी फक्त फोड करतो. रातांबे फोडून साली वाळवताना मिठाच्या रसात परत परत बुडवतात, म्हणजे तुझ्या अर्कात रंगासोबत मिठातलं भरपूर क्लोराइड आलं. चांदी आणि क्लोराइड समोरासमोर आले की दुसरं काही व्हायच्या आधी सिल्व्हर क्लोराइड बनून खाली बसतं, तोच तुझा चोथा. आणि थोडंथोडकं मीठ लागतं असंही नाही, हिशोब करून बघ, १ मिलिमोलरच्या १०० मिलीत जेवढी चांदी आहे ती सगळीच्या सगळी बसवायला साधारण ६ मिलिग्रॅम मीठ पुरतं. दोनदा नळाखाली धरून आमसुलातलं मीठ थोडंच जाणार, आणि नळाच्या पाण्यात पण क्लोराइड असतंच, आपल्याकडे खाडीजवळच्या विहिरींत तर विचारू नको. खिडकीत जांभळं झालं तेही त्याचंच लक्षण. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडतं, जुने फोटो याच गुणावर निघायचे. तुझ्या बोटांचं पण तसंच, सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडलं की तिथेच धातूची चांदी सुटी होऊन काळी दिसते, आठवडाभरात कातडी बदलली की जाईल, पुढच्या वेळी ग्लोव्हज घाल.

खात्रीच करायची असेल तर थोडा चोथा टेस्टट्यूबमधे घेऊन पातळ अमोनिया घाल, विरघळला तर क्लोराइड. पण हे मॅडम किंवा सर समोर असतानाच कर आणि झाल्या झाल्या डायल्यूट नायट्रिक घालून संपव. अमोनिया आणि चांदीचं मिश्रण तसंच ठेवून दिलं तर त्यात स्फोटक माल तयार होतो, हे गमतीत सांगत नाहीये.

आता काम वाचवायचं कसं. कोकमच हवं असेल तर झाडाची पानं घे, ती बारा महिने असतात आणि त्यांना कोणी मीठ लावलेलं नसतं. फक्त समुद्राकडचा वारा असेल तर पानांवर खारट थर असतो म्हणून धू, शेवटचं धुणं डिस्टिल्डने, आणि त्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून बघ. गढूळ झालं तर परत धू. हीच परीक्षा तुझ्या डिस्टिल्ड वॉटरची पण घे, गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणून चालवणारे मी पाहिलेत. आगळ म्हणजे कोकमाचा रस नको, त्यात मीठ. अमृत कोकम (सरबताचा पाक) पण नको, त्यातली साखर आंबटात फुटून ग्लुकोज होते आणि ग्लुकोज स्वतःच चांदी सोडवतं, मग श्रेय कोकमाला द्यायचं का साखरेला? तिवराची पानं वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक, पानातूनच मीठ बाहेर टाकणारं झाड ते, शिवाय कांदळवनाला हात लावायला बंदी आहे.

रंगाचं म्हणशील तर रंगावर विश्वास ठेवू नकोस. पानातली फिनॉलं, फ्लॅव्होनॉइडं चांदीच्या आयनला इलेक्ट्रॉन देतात आणि तयार झालेल्या कणांना वरून लपेटून धरतात म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत, इथपर्यंत ठीक. पण आंबट अर्कात हे सगळं रेंगाळतं म्हणून लोक कॉस्टिक सोडा घालून पीएच वाढवतात म्हणजे आंबटपणा घालवतात, आणि तिथेच फसतात, कारण कॉस्टिक जास्त झालं की सिल्व्हर ऑक्साइड पडतं आणि ते पण तपकिरीच असतं! शिवाय पीएच बदलला की अर्काचा स्वतःचा रंग पण बदलतो. (पीएच कमी करायला क्लोराइडवालं हायड्रोक्लोरिक घालू नकोस हे आता वेगळं सांगायला नको.) म्हणून चार बाटल्या लाव: अर्क अधिक पाणी, सिल्व्हर नायट्रेट अधिक पाणी, सिल्व्हर नायट्रेट अधिक तेवढंच कॉस्टिक, आणि चौथी खरी, अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र असलेली. चारही फॉइल गुंडाळून अंधारात, कारण नुसत्या उन्हाने पण चांदी सुटते. मग यूव्ही-व्हिजिबलला (कुठल्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो ते दाखवणारं मशीन) बघ, चांदीच्या कणांचा उंचवटा साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरमधे येतो. आकार किती ते टीईएमशिवाय (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय) सांगू नकोस, रिपोर्टमधे उगाच '२० नॅनोमीटर' ठोकून देऊ नकोस.

आणि कडुनिंबाला नावं ठेवू नका हो, पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्रींच्या ग्रुपने २००४ मधे कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदी, सोनं आणि दोन्ही मिळून कण केले होते, ते पेपर आजही लोक वाचतात.

वैद्यबाई:
मी बीएएमएस, दवाखाना रत्नागिरी तालुक्यात. काकांचं आधी. शुगर असलेल्या माणसाची पायाची जखम भरत नाही ही गोष्ट वाट बघण्यातली नाही, उद्याच सर्जनला दाखवा. अशा जखमेत पाय गमवायची वेळ येते ते मी माझ्या ओपीडीत बघितलंय, आणि दर वेळी मधे दोन महिने कुठला तरी घरगुती लेप असतो.

चांदी औषधात आहेच, भाजलेल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन कित्येक वर्षं वापरतात. पण ते निर्जंतुक, ठराविक मात्रेचं, वरून लावायचं. प्यायची गोष्ट वेगळी. चांदी शरीरात साठते आणि कातडी निळसर करडी पडते, ती परत पूर्वीसारखी होत नाही. अमेरिकेत पॉल कॅरासन नावाचे गृहस्थ घरी केलेलं चांदीचं पाणी पिऊन अक्षरशः निळे झाले होते, २०१३ मधे वारले, त्यांचे फोटो शोधून काकांना दाखवा, माझ्या बोलण्यापेक्षा लवकर पटेल. तिथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) १९९९ मधेच सांगितलंय की दुकानात मिळणारी असली कोलॉइडल चांदी (म्हणजे हेच चांदीचं पाणी) सुरक्षित पण नाही आणि उपयोगी पण सिद्ध नाही.

आता कोणीतरी म्हणेल मग आयुर्वेदातलं रौप्य भस्म, म्हणजे चांदीचं भस्म? अहो ते आधी शोधन (शुद्धी), मग भावना (वनस्पतींच्या रसात घोटणं) देऊन परत परत पुटं (भट्टीत भाजणं), आणि वैद्य माणूस बघून मात्रा ठरवतो. बीकरमधल्या तपकिरी पाण्याला भस्माच्या रांगेत बसवू नका, आमच्याच काही लोकांना पण हे सांगावं लागतं.

खाडीकाठची:
धन्यवाद सगळ्यांना 🙏 काल तीन टेस्टट्यूब घेतल्या. डिस्टिल्डमधे थेंब टाकला, काही नाही. लॅबच्या नळाचं पाणी, धुरकट. आमसुलाचा अर्क, परत दही. पार्टनरचा चेहरा बघण्यासारखा होता. आज परसातल्या कोकमाची पानं घेतली, पाच वेळा धुतली तेव्हा कुठे धुण्याचं पाणी स्वच्छ राहिलं. दोन तासांनी चौथी बाटली पिवळट, संध्याकाळी चहासारखी, बाकी तीन जशाच्या तशा. यूव्ही सोमवारी मिळेल. कण ई. कोलाय जंतूंना मारतात का ते पण बघायचं आहे, त्याला काय काय लागेल? काकांना फोटो दाखवला, गप्प झाले, बाबा उद्या त्यांना घेऊन जातायत.

बीकरवाला:
झकास. बॅक्टेरियाचं तुमच्या मायक्रोच्या लॅबमधेच कर, घरी नाही. प्लेटवर कणांच्या शेजारी नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि एक अँटिबायोटिकची डिस्क हवीच. सिल्व्हर नायट्रेट एकटंच जंतू मारतं, त्यामुळे न उरकलेली चांदी पाण्यात राहिली असेल तर डिस्कभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ तिचं पण असू शकतं. कण सेंट्रिफ्यूजने खाली बसवून धुऊन घे, मग लाव.

भरतीओहोटी:
आणि उरलेला बेसिनात ओतू नको गो, ता पाणी शेवटी खाडीतच येता, आमचे मासे आसत थंय. चांदी माशांक बाधता.

बीकरवाला:
बरोबर. सगळं एका कॅनमधे जमव, वरून मीठ टाक, चांदी खाली बसेल, गाळून तो चोथा वेगळ्या बाटलीत लेबल लावून लॅब असिस्टंटकडे दे. त्या आमसुलांच्या बीकरापासूनच सुरुवात कर, त्यात मीठ आधीच आहे.