खाडीच्या पाण्यात कॉलराचा जिवाणू ‘आढळला नाही’ असे लिहावे का?

ऐरोलीकर:
नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. द्वितीय वर्षाच्या मुलांनी एप्रिलमध्ये ऐरोलीजवळ ठाणे खाडीच्या पाण्याचे चार नमुने घेतले, ते अल्कलाइन पेप्टोन वॉटर या वाढीच्या द्रवात सहा तास ठेवले आणि व्हिब्रिओ जिवाणू निवडून वाढवणाऱ्या टीसीबीएस माध्यमावर पसरवले. दोन प्लेटांवर पिवळ्या वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) आल्या, परंतु पुढच्या चाचण्यांत त्यांपैकी एकही व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे कॉलराच्या जिवाणूची जात, ठरली नाही. त्यावरून मुलांनी प्रकल्पाच्या शेवटी ‘ठाणे खाडीत कॉलराचा जिवाणू नाही’ असे वाक्य लिहिले आहे. ते मला खटकते, पण का खटकते हे त्यांना पटेल अशा रीतीने सांगता येत नाही. शिवाय गटातील एक मुलगी दिवाळे कोळीवाड्यातली आहे आणि तिची आई मासळी विकते. ‘असू शकतो’ असे लिहिले तर उद्या खाडीच्या मासळीला कोणी हात लावणार नाही, असे ती म्हणते. तिची भीती मला पोरकट वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाशीचा प्रयोगशाळावाला:
मॅडम, मुलांची पद्धत बरोबर आहे, वाक्य मात्र पद्धतीच्या पुढे धावले आहे. पिवळी वसाहत म्हणजे त्या जिवाणूने सुक्रोज आंबवले, एवढेच. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही तेच करतो आणि टीसीबीएसवर तसाच पिवळा दिसतो. मीठ न घातलेल्या माध्यमात कॉलरी वाढतो, अल्जिनोलिटिकस वाढत नाही; हा साधा फरक आधी तपासून पाहावा. जिवाणू ओळखण्याची ऑक्सिडेज चाचणीही टीसीबीएसवरच्या वसाहतीवर थेट करू नये, ती आधी साध्या माध्यमावर उतरवून घ्यावी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः ही चूक कितीतरी वेळा केली आहे.

आता मुख्य मुद्दा. प्लेटवर न वाढणे आणि पाण्यात नसणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 पासून दाखवून दिले आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली, विशेषतः अन्न संपले किंवा पाणी थंड झाले, की हा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू आकसून बारीक गोळीसारखा होतो. तो जिवंत राहतो, पण नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मात्र तो दिसतो. दुसरे असे की तो पाण्यात सुटा तरंगण्यापेक्षा कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहणे पसंत करतो, कारण त्यांच्या कवचातील कायटिन हे त्याचे अन्न आहे. बाटली वरवर बुडवून भरलेल्या पाण्यात हे प्राणी किती आले असतील, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

कोपरीचा वाचक:
मी या विषयातला नाही, सेवानिवृत्त आहे. लहानपणी गावी मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ढकलताना पाहिला आहे आणि पटकीची साथ कशी असते हे आजीकडून ऐकले आहे. पावसाळ्यात ती विहिरीचे पाणी जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणाला पिऊ देत नसे. जिवाणू जर एक-दोन मायक्रॉनचा असेल, तर तो फडक्याच्या छिद्रांतून सहज निसटणार. मग आजीच्या गाळण्यात समाधानापलीकडे काही होते का?

वाशीचा प्रयोगशाळावाला:
काका, सुटा जिवाणू निसटतोच. परंतु कोपेपॉडला चिकटलेला निसटत नाही, कारण जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या की छिद्रे सुमारे वीस मायक्रॉनची होतात आणि ते प्राणी त्याहून मोठे असतात. बांगलादेशातील मतलब भागात कोलवेल यांच्या गटाने हाच प्रयोग पासष्ट गावांत केला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. वापरून मऊ झालेली साडी नव्या कोऱ्या साडीपेक्षा अधिक उपयोगी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात. अर्थात क्लोरीन मिळत असेल तर फडक्यावर विसंबून राहू नये.

बेलापूरकर:
मॅडमच्या दुसऱ्या अडचणीवर, म्हणजे मासळीवर, कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. व्हिब्रिओ कॉलरी सापडणे आणि कॉलरा पसरणे यांत फार मोठे अंतर आहे. या जिवाणूचे दोनशेहून अधिक सेरोगट (पृष्ठभागावरील रेणूंवरून पाडलेले प्रकार) आहेत आणि त्यांपैकी केवळ ओ1 व ओ139 या दोघांनी मोठ्या साथी आणल्या आहेत. ओ139 तर 1992 मध्ये आपल्याच देशात, मद्रास आणि बंगालकडे, प्रथम आढळला. निमखाऱ्या खाड्यांत राहणारे बहुतेक प्रकार विष तयारच करीत नाहीत.

ते विष हेच या आजाराचे मूळ, ही गोष्ट सिद्ध व्हायला विलक्षण वेळ लागला. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला, पण विषाचा पुरावा मिळाला तो थेट 1959 मध्ये आणि तोही कलकत्त्यातच. शंभुनाथ डे यांनी जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला आणि ते आतडे पाण्याने फुगलेले दाखवले. या माणसाला हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी दाखवले की विषाची जनुके मुळात जिवाणूची नाहीतच, ती त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूने आणली आहेत. म्हणजे खाडीतला निरुपद्रवी व्हिब्रिओ आणि साथ आणणारा व्हिब्रिओ यांतला फरक या उसन्या सामानाचाही आहे. म्हणून वसाहत कॉलरी ठरली, तरी ओ1 व ओ139 च्या प्रतिद्रव्यांशी तपासणी आणि विषाच्या सीटीएक्स-ए जनुकासाठी पीसीआर (जनुक शोधणारी चाचणी) केल्याशिवाय ‘कॉलराचा जिवाणू’ हा शब्दप्रयोग करू नये. मासळीबाबत सांगायचे तर नीट शिजवलेल्या कालवणात हा जिवाणू टिकत नाही आणि कोळीवाड्यात मासळी कच्ची खात नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ऐरोलीकर:
सर्वांचे आभार. आज वर्गात वाक्य बदलले: ‘एप्रिलमध्ये घेतलेल्या चार नमुन्यांत, वापरलेल्या पद्धतीने, व्हिब्रिओ कॉलरी वाढवता आला नाही.’ दिवाळ्याच्या मुलीला ते पटले. तिनेच पुढे जोडले की चारही नमुने ओहोटीच्या वेळचे होते आणि ही गोष्ट अहवालात कुठेच नमूद नव्हती. आता पावसाळ्यानंतर, खाडीच्या पाण्याचा खारटपणा उतरलेला असताना, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळचे नमुने प्लँक्टनसह, म्हणजे कोपेपॉडसारख्या तरंगत्या सूक्ष्म जीवांसह, घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी चौसष्ट मायक्रॉनची जाळी हवी. महाविद्यालयातली जाळी फाटलेली आहे. कोणाकडे आठवडाभरासाठी मिळेल का?

वाशीचा प्रयोगशाळावाला:
माझ्याकडे आहे. वापरल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवून परत करावी, मागच्या वेळी मिठाने कडक झालेली परत आली होती.