राणी मुंगी पकडलीय पण काही खातच नाहीये

वारूळवेडी: पाऊस थांबल्यावर भिंतीवर मोठी मुंगी सापडली, पंख गळालेले, छातीचा भाग एकदम जाड, राणीच वाटतेय. टेस्ट ट्यूबमध्ये ठेवलीय, साखरपाणी दिलं तर ढुंकूनही बघत नाही. मरणार तर नाही ना?

मुंगीमित्र: नाही मरणार, काळजी नको. बहुतेक जातींच्या राण्या पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत काहीच खात नाहीत, पंखांचे स्नायू आता लागत नाहीत ना, तेच शरीरात विरघळवून आणि साठवलेल्या चरबीवर त्या अळ्यांना भरवतात. साखरपाणी काढ आधी, बुरशी येईल. ट्यूबच्या तळाशी पाणी, मग कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी परत कापूस. अंधारात ठेव आणि कृपा करून रोज उचलून बघू नकोस!! हादरे बसले की राणी स्वतःचीच अंडी खाते.

सहापायी: वरचं बरोबर, पण जात ओळखून घे. काही राण्या अन्न शोधायला स्वतः बाहेर पडतात, त्यांना उपाशी ठेवलं तर खरंच मरतील. आणि पंख गळाले म्हणजे मिलन झालंच असं नाही, अंड्यांतून कामकरी निघाल्या तरच खात्री.

वारूळवेडी: किती दिवस लागतात?

मुंगीमित्र: जात आणि तापमानावर आहे, साधारण महिना-दोन महिने. पहिल्या कामकरी फारच बारक्या असतात, तेव्हा मधाचा छोटा थेंब आणि मारलेल्या किड्याचा तुकडा दे, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाक.