प्रयोगशाळेतले गुण पाहून कॅमेरा घ्यावा का?

खानापूरकर : आपल्या भागात लग्नांची आणि जत्रांची छायाचित्रे काढणारी तरुण मुले कॅमेरा हातात घेऊन पाहण्याआधी डीएक्सओमार्क या कॅमेऱ्यांची प्रयोगशाळेत चाचणी करणाऱ्या संकेतस्थळाचे गुण पाहतात आणि चार-पाच गुणांच्या फरकासाठी घरच्यांकडे हजारो रुपये जास्त मागतात, हे मला पटत नाही. हे गुण फक्त सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या चकतीचे असतात. लेन्स, फोकसचा वेग, हातातली पकड, पावसात टिकाव धरण्याची ताकद, यांतले काहीच त्यांत मोजलेले नसते, आणि कणकुंबीच्या आषाढातल्या पावसात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्याचे काम नेमके याच गोष्टींवर चालते. ८ बाय १२ इंचांची प्रत ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायला जेमतेम ९ मेगापिक्सेल पुरतात. बाकीची बहुतेक छायाचित्रे तर व्हॉट्सॲपवर लहान होऊनच पाहिली जातात.

टिळकवाडी : आपल्याशी मी सहमत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीत दुपारी उभे राहून पाहा. मंडपात काळोखी दगड आणि दाराबाहेर रखरखीत ऊन, असे दोन्ही एकाच चौकटीत घ्यायचे असेल तर डायनॅमिक रेंजलाच, म्हणजे सर्वांत गडद ते सर्वांत उजळ भागापर्यंतचा तपशील एकदम टिपण्याच्या क्षमतेलाच, सारे महत्त्व येते. २०१२ साली आलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी निकॉन डी८०० ची डायनॅमिक रेंज १४.४ स्टॉप मोजली गेली, तर कॅनन ५डी मार्क ३ ची ११.७. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे हा फरक सहा पटींहून अधिक आहे. रॉ फाइलमधली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ छायाचित्रातली) सावली उजळवली की एकात कोरीवकाम उमटते आणि दुसऱ्यात दाणे व पट्टे दिसू लागतात. दुकानाच्या काउंटरवर हे कळत नाही. तिथे मेगापिक्सेलच सांगितले जातात.

निपाणीकर : आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते सर्वांत कमी आयएसओचे आहेत; आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ती अंधारात वाढवावी लागते. आयएसओ वाढवत नेला की हे अंतर झपाट्याने मिटते, आणि बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तर रात्रभर चालते, तिथे १०० आयएसओला कोण छायाचित्र काढणार? याच दोन कॅमेऱ्यांचे एकूण गुण ९५ आणि ८१ आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला दुसरा फारच मागे वाटतो. परंतु कमी प्रकाशासाठी वेगळा दिलेला आकडा पाहिला तर तो अनुक्रमे आयएसओ २८५३ आणि २२९३ आहे, म्हणजे फरक अवघा एक तृतीयांश स्टॉप. उलट एफ/४ च्या जागी एफ/१.८ ची (हा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे) साधी ५० मिलिमीटर लेन्स लावली तर जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. मुलांनी कॅमेऱ्यावरचे पैसे वाचवून लेन्स घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

टिळकवाडी : हा मुद्दादेखील आपण प्रयोगशाळेच्याच आकड्यांवरून मांडलात. एकूण गुणांवर विसंबू नये, हे मला मान्य आहे. परंतु आयएसओनुसार काढलेला आलेख कोणी नीट वाचला, तर जुना कॅमेरा घेणाऱ्या गरजू मुलाला त्याच्याइतका निःपक्ष सल्ला कोणी देत नाही.

खानापूरकर : आलेख वाचावा, पण चाचणीत ज्याचे छायाचित्र काढतात तो तक्ता जागचा हलत नाही आणि लेझीम खेळणारी मुलगी क्षणभरही थांबत नाही. तिच्या चेहऱ्याऐवजी मागच्या ट्रॅक्टरवर फोकस बसला तर १४ स्टॉप असूनही ते छायाचित्र वाया जाते. म्हणून खरेदीला जाताना आपले मेमरी कार्ड सोबत न्यावे, दुकानदाराला विनंती करून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाची वीस-पंचवीस छायाचित्रे काढावीत, आणि घरी मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात पाहून डोळे किती छायाचित्रांत स्पष्ट आले आहेत ते मोजावे.