मदत हवी आहे: रिव्हारोक्साबॅन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असताना आलेला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह’ रिपोर्ट कितपत ग्राह्य धरावा?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्ततपासणीच्या एका रिपोर्टबद्दल जाणकारांचे, विशेषतः पॅथॉलॉजी किंवा रक्तविकार या क्षेत्रांत काम करणाऱ्यांचे, मत हवे आहे. औषध कोणते द्यायचे हे तिचे डॉक्टरच ठरवतील. ते इथे कोणी सुचवावे अशी अपेक्षा नाही. माझा प्रश्न तपासणीच्या विश्वासार्हतेपुरताच आहे.

बहीण २९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. काही आठवड्यांपूर्वी तिचा डावा पाय सुजला आणि डॉपलर सोनोग्राफीत मांडीतल्या खोल शिरेत गुठळी दिसली. सुरुवातीला हेपरिनची इंजेक्शने झाली, त्यानंतर रिव्हारोक्साबॅन सुरू झाले आणि सध्या ती रोज न्याहारीबरोबर २० मिलिग्रॅमची गोळी घेते. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, हाड मोडणे, गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी कोणतेही कारण सापडले नाही. त्यातच दोन वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले होते. या दोन गोष्टी एकत्र पाहून तिच्या फिजिशियननी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या, म्हणजे शरीरात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांच्या, तपासण्या करायला सांगितल्या. ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही त्यांतलीच एक.

रिपोर्ट असा आहे. अँटिकार्डिओलिपिन आयजीजी व आयजीएम निगेटिव्ह. अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीनचे दोन्ही प्रकारही निगेटिव्ह. ल्युपस अँटिकोॲग्युलंट मात्र डीआरव्हीव्हीटी पद्धतीने पॉझिटिव्ह: पहिल्या पायरीचे गुणोत्तर १.७४, अंतिम गुणोत्तर १.३८, आणि लॅबने दिलेली मर्यादा १.२०. खाली ‘क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे’ एवढाच शेरा आहे.

मी तिच्याकडून नमुना कसा घेतला गेला ते बारकाईने विचारून घेतले. ती नेहमीप्रमाणे गोळी घेऊन साधारण तीन तासांनी कलेक्शन सेंटरवर गेली होती. शीर सापडत नव्हती, त्यामुळे फिकट निळ्या झाकणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंत न भरताच सुई काढली गेली. तिच्याकडे असलेल्या फॉर्मच्या प्रतीवर ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा रकाना आहे आणि तो कोरा आहे. नमुना त्याच दिवशी शहरातल्या मुख्य लॅबकडे गेला, पण तो कोणत्या स्थितीत गेला ते समजलेले नाही.

या प्रतिपिंडांमुळे होणारा आजार (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम) पक्का आहे असे धरून आता घरात पुढच्या गरोदरपणाची काळजी सुरू झाली आहे आणि बहीण रात्र रात्र झोपत नाही. म्हणून विचारते: या गोळीमुळे तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते का? पुन्हा करायची तर केव्हा आणि कोणत्या तयारीने? आणखी एक. त्या गरोदरपणात तिची व्हीडीआरएल ही सिफिलिस या लैंगिक आजाराची प्राथमिक तपासणी कमी प्रमाणात पॉझिटिव्ह आली होती आणि नंतरची टीपीएचए ही खात्रीची तपासणी निगेटिव्ह होती. त्या काळात सासरी तिला नको ते ऐकून घ्यावे लागले. त्या रिपोर्टचा या प्रतिपिंडांशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या हेच माझे रोजचे काम आहे. तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून हा रिपोर्ट ना पॉझिटिव्ह धरता येतो, ना निगेटिव्ह.

डीआरव्हीव्हीटी या तपासणीत आपल्याकडच्या घोणस सापाचे विष वापरतात. हे विष रक्त गोठण्याच्या साखळीतला दहावा घटक थेट सक्रिय करते. नळीत फॉस्फोलिपिड (रक्त गोठायला लागणारा स्निग्ध पदार्थ) मुद्दाम कमी ठेवलेले असते, त्यामुळे रुग्णाच्या रक्तात ही प्रतिपिंडे असतील तर ती त्या थोड्या फॉस्फोलिपिडमध्ये अडथळा आणतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो. दुसऱ्या पायरीत भरपूर फॉस्फोलिपिड घातले की तो वेळ कमी होतो आणि त्यावरून प्रतिपिंडे असल्याचे ठरवतात. नळीत रक्त उशिरा गोठते, शरीरात मात्र हीच प्रतिपिंडे गुठळ्या करतात. नाव आणि परिणाम यांतला हा विरोध रुग्णांना नेहमी गोंधळात टाकतो.

आता रिव्हारोक्साबॅन नेमका तोच सक्रिय झालेला दहावा घटक अडवते. त्याचा परिणाम पहिल्या पायरीवर जास्त आणि दुसरीवर कमी होत असल्याने, प्रतिपिंडे नसतानाही गुणोत्तर ती असल्यासारखे येते. निरोगी व्यक्तीचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) मिसळून पाहिला तरी फरक पडत नाही, कारण औषध त्या प्लाझ्मालाही अडवते. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत औषधाची रक्तातली पातळी सर्वाधिक असते आणि तुमच्या बहिणीचे रक्त त्याच वेळेत घेतले गेले. शिवाय नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य) हे प्रमाण लागते. रक्त कमी पडले की सायट्रेट जास्त होते आणि वेळ आणखी लांबतो.

कार्डिओलिपिन आणि बीटा-२ या तपासण्या एलायझासारख्या पद्धतीने होतात, त्यात रक्त गोठवून पाहायचे नसते. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा त्यांवर परिणाम होत नाही आणि त्या निगेटिव्ह आल्या याला मी बरेच महत्त्व देईन. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असणाऱ्या रुग्णांना सर्वाधिक धोका असतो, आणि त्या गटात तुमची बहीण नाही हे आजच सांगता येते. केवळ ल्युपस अँटिकोॲग्युलंट खरोखर पॉझिटिव्ह असणारे रुग्णही असतात, म्हणून फेरतपासणी टाळू नका.

फेरतपासणीसाठी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. गुठळी ताजी आहे. डॉक्टरांशी बोलून पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी रक्त द्यावे, आणि प्लाझ्मातून हे औषध शोषून काढणारा सक्रिय कोळसा वापरणारी लॅब मिळाली तर उत्तम. डॉक्टरांनी काही दिवस कमी रेणुभाराच्या हेपरिनवर बदलले, तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास जाऊ द्यावेत. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेटविरहित करावा लागतो आणि लांब पाठवायचा असेल तर गोठवून. तो न गोठवता तासन्‌तास प्रवासात राहिला, तर रिपोर्टला फारसा अर्थ उरत नाही. ही फेरतपासणीही पॉझिटिव्ह आली तरी निदानासाठी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, कारण संसर्गानंतर अशी प्रतिपिंडे काही काळ दिसून नाहीशी होऊ शकतात. ही १२ आठवड्यांची अट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांत आहे.

व्हीडीआरएलबद्दल: त्या तपासणीच्या अभिकर्मकातच कार्डिओलिपिन असते, त्यामुळे अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. गरोदरपणात किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतरही तसे होते, म्हणून तो रिपोर्ट आजच्या निदानात धरू नका. पण टीपीएचए निगेटिव्ह होती म्हणजे तिला सिफिलिस नव्हता, हे सासरच्या मंडळींना स्पष्ट शब्दांत सांगा. हवे तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

डॉक्टर, मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद बहिणीला फोनवर वाचून दाखवला. तो तिने पुन्हा वाचायला लावला.

लॅबला फोन केला. नमुना बर्फाच्या पाकिटांसोबत पाठवला होता, पण प्लाझ्मा वेगळा करून गोठवलेला नव्हता, आणि औषध शोषून घेण्याची सोय त्यांच्याकडे नाही, असे सांगण्यात आले. तुमचे मुद्दे कागदावर उतरवून बहीण तिच्या फिजिशियनांना दाखवणार आहे. नमुना गावी देण्याऐवजी जिथे तपासणी होते तिथेच जाऊन द्यावा असे आता वाटते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे किंवा पुण्यात ही तपासणी अलीकडे कोणी करून घेतली असेल, तर बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालते का, वेळ आधी ठरवावी लागते का, आणि गोळीची माहिती नोंदवून घेतात का, हे कृपया कळवावे.