सिस्टीम अॅडमिनने शिकायला सुरुवात कुबरनेटिसपासून करावी का?

मूळ_लिनक्स

सध्या आमच्या टीमसाठी मुलाखती घेतोय. उमेदवार दोन-चार वर्षं अनुभवाचे, बायोडेटावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं), कुबरनेटिस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं), टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे कोड लिहून उभं करणारं), एडब्ल्यूएस (अॅमेझॉनचा क्लाउड) सगळं. बहुतेकांना एक प्रश्न विचारतो: कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडला, काय झालं असेल? उत्तर येतं, "मेमरी लिमिट वाढवायची." पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण प्रोसेसला मारलं कोणी, असं विचारलं की गाडी अडते.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. प्रोसेसला ९ नंबरचा सिग्नल, सिगकिल (तत्काळ मरायचा हुकूम), मिळाला. सीग्रुपने घातलेली मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या भागाने, तो दिला असेल. किंवा डॉकर स्टॉप म्हटल्यावर ठरलेल्या दहा सेकंदांत प्रोसेसने आवरतं घेतलं नाही म्हणून डॉकरने दिला असेल. दुसऱ्या बाबतीत मेमरी कितीही वाढवा, ढिम्म फरक पडणार नाही.

माझं मत असं की आपल्याकडच्या क्लासेसचा क्रम उलटा आहे. पहिल्या आठवड्यात डॉकर, तिसऱ्यात कुबरनेटिस, आणि लिनक्स म्हणजे कमांडची दोन पानी यादी. कंटेनर नावाची वस्तू कर्नलमध्ये नाहीच. नेमस्पेसने प्रोसेसला काय दिसावं ते ठरतं, सीग्रुपने तिला किती मिळावं ते ठरतं. हे करून बघायला एक कमांड पुरते. अनशेअरला (नव्या नेमस्पेसमध्ये प्रोग्राम चालवणारी कमांड) पिड, फोर्क आणि माउंट-प्रॉक हे पर्याय देऊन बॅश (कमांड लिहायचा शेल) उघडा आणि आत पीएस (प्रोसेसची यादी) मारा. बॅश स्वतः १ नंबरची प्रोसेस दिसते. दुसऱ्या टर्मिनलमधून तीच बॅश पाहा, तिथे ती हजारोंच्या घरातल्या कुठल्या तरी नंबरची साधी प्रोसेस असते. हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला कंटेनर म्हणजे "छोटी व्हीएम" (व्हर्च्युअल मशीन, मशीनच्या आतलं आभासी मशीन) असं वाटत नाही.

आणि वरची टूल्स टिकत कुठे आहेत? कुबरनेटिसने डॉकरशी जोडणारा डॉकरशिम हा भाग २०२२ मध्ये १.२४ व्हर्जनला काढून टाकला. टेराफॉर्मचं लायसन्स ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं. याउलट प्रोसेसला एका फोल्डरपुरतं बांधणारं सीरूट १९७९ चं, फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमचे जेल (कंटेनरचे पूर्वज) २००० चे, आणि गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिलेले सीग्रुप्स २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या २.६.२४ मध्ये आले. डॉकर आलं २०१३ मध्ये, याच कल्पनांवर उभं राहून. आधी प्रोसेस, नेटवर्क, फाइलसिस्टीम, मग केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय), मग पॉडमन (डॉकरसारखंच टूल) किंवा डॉकर, आणि सगळ्यात शेवटी कुबरनेटिस. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

मला हा क्रम साफ अमान्य आहे.

मी मॉनिटरिंगच्या नोकरीत होतो. रात्रभर अलर्ट बघायचे, टिकीट काढायचं, पुढच्या टीमकडे ढकलायचं. त्यातून बाहेर पडायला हातात सकाळचे दोन तास. तेवढ्यात मी सीग्रुप्सचा इतिहास शिकत बसलो असतो तर आजही तिथेच असतो. नोकरीच्या जाहिरातीत "नेमस्पेसचं ज्ञान हवं" असं कोणी लिहीत नाही. कुबरनेटिस लिहितात. बायोडेटा चाळणारी एचआर तोच शब्द शोधते. आधी दारातून आत तर जाऊ द्या.

बरं, हा फक्त पोटापाण्याचा मुद्दा नाही. कुबरनेटिस ही स्वतःच एक मूळ कल्पना आहे आणि ती तुमच्या क्रमात कुठेच येत नाही. हवी ती स्थिती लिहून द्यायची, कंट्रोलर प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी ताडून पाहत राहतो आणि फरक मिटवतो. जुने, मुरलेले लिनक्सवाले इथेच अडखळतात. आमच्याकडे एका अनुभवी अॅडमिनने रात्री क्यूबसीटीएल (कुबरनेटिसची कमांड) एडिट करून चालू डिप्लॉयमेंटमध्ये (कोणते कंटेनर चालवायचे त्या लिखित व्याख्येत) इमेजचा टॅग (व्हर्जनची खूण) बदलला. काम झालं, सगळे झोपले. सकाळी पाइपलाइन (गिटमधला कोड आपोआप लागू करणारी यंत्रणा) चालली, गिटमधला जुना टॅग परत लागू झाला आणि सर्व्हिस पुन्हा पडली. त्यांना कर्नल माझ्या दसपट येतं. पण सर्व्हरवर जाऊन हाताने दुरुस्त करायची सवय इथे नडते.

आणि पॉड (कुबरनेटिसमधलं कंटेनर ठेवायचं एकक) "पेंडिंग"वर अडकलं तर अनशेअर काय कामाचं? डिस्क्राइब करून इव्हेंट वाचायचे, कोणत्याच नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) रिक्वेस्टएवढी जागा शिल्लक नाही का, टेंट (नोडवर लावलेली मनाईची खूण) आडवा येतोय का, व्हॉल्यूम दुसऱ्या झोनमध्ये आहे का ते बघायचं. हे ज्ञान वरच्याच थरातलं आहे. सीकेएची, म्हणजे कुबरनेटिस अॅडमिनच्या प्रमाणपत्राची, परीक्षा पाहा, दोन तास टर्मिनलसमोर बसून खरीखुरी कामं करावी लागतात. पाठांतरावर निघत नाही ती.

मिरजकर

तुम्ही दोघंही मोठ्या कंपनीत बसून बोलताय. आमच्या सांगली-मिरज-इचलकरंजी भागात या. सूतगिरणी, हॉस्पिटल, फाउंड्री, दूध संघ. प्रत्येकाकडे दोन, फार तर तीन सर्व्हर. त्यावर टॅली, एखादं ईआरपी, बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. सगळं विंडोज. इथे कुबरनेटिस लावणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

इथला खरा प्रश्न व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवायचा, आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी घेतली आणि महिनाभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळं वर्गणीवर आणलं. छोट्या कारखान्याचा मालक नवं कोटेशन बघून विचारतो, "अहो, मशीन तेच, काम तेच, मग पैसे कशाचे?" तेव्हापासून मी केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर लोकांना हलवतोय. क्लासमधून आलेल्या पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं. एक उदाहरण देतो. विंडोजची व्हीएम व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून केव्हीएमवर आणायची असेल तर व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या आभासी डिस्कचे) ड्रायव्हर आधी, जुन्या जागी असतानाच घालून ठेवावे लागतात. नाहीतर नव्या जागी डिस्क व्हर्टआयओवर जोडली की निळा पडदा, "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". मग डिस्क आधी साटावर (नेहमीच्या डिस्क-जोडणीवर) जोडायची, विंडोज उठवायचं, ड्रायव्हर घालायचा, एक छोटी जास्तीची व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोजला तो ओळखू द्यायचा आणि मग मूळ डिस्क बदलायची. महिन्याच्या पगाराच्या दिवशी हे शिकायची वेळ येऊ नये.

आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नाही, हे तर पाटीवर लिहून लावावं. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट डिस्क गेल्यावर कुठून येणार?

क्लाउडवाली

मिरजकर, तुमचं पटलं. पण तिघांच्याही बोलण्यात दोन गोष्टी आल्याच नाहीत: आयएएम (क्लाउडवर कोणाला काय करता येईल ते ठरवणारी परवानगीची व्यवस्था) आणि बिल.

क्लाउडवर चूक झाली तर ती बहुधा परवानगीत झालेली असते. कुणीतरी घाईत पॉलिसीत (परवानगीच्या लेखी नियमात) दोन्हीकडे तारांकन (*) टाकतो, म्हणजे सगळ्या कृती, सगळ्या वस्तूंवर. नंतर काढू म्हणतो. ती नंतर कधी निघत नाही. कंटेनर किती घट्ट बांधलाय याने मग काय फरक पडतो? त्याच्या हातात दिलेल्या रोलनेच अख्खं खातं उघडं असतं.

बिलाचं सांगते. खासगी सबनेटमधले सर्व्हर एस३ (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा) वर बॅकअप टाकत होते आणि तो सगळा डेटा नॅट गेटवेमधून (खासगी नेटवर्कच्या बाहेर जायच्या दारातून) जात होता. नॅट गेटवे तासाचे पैसे घेतो आणि वर प्रत्येक जीबीमागे प्रक्रियेचे वेगळे. एस३ साठीचा गेटवे एंडपॉइंट (थेट वाट) फुकट असतो, रूट टेबलमध्ये (ट्रॅफिकच्या वाटांच्या यादीत) त्याची एक नोंद लागते. टेराफॉर्म तर सगळ्यांना येत होतं, पण तो ट्रॅफिक कुठून जातोय हे कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे शेवटी प्रश्न राउटिंगचाच! तेवढ्यापुरती मी मूळ_लिनक्स यांच्या बाजूने. मात्र नवीन माणसाला पहिल्या दिवशी मी आयएएम शिकवीन, दुसऱ्या दिवशी बजेट अलर्ट. केव्हीएम त्याच्या वाट्याला आलंच तर पुढे कधीतरी.

मूळ_लिनक्स

रात्रपाळी, कंट्रोलरच्या कल्पनेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ती माझ्या यादीत असायला हवी. हाताने दुरुस्ती करायची खोड मोडावी लागते, हेही मान्य. क्रमाबद्दल मात्र मी ठाम आहे.

कारण वरून शिकलेल्या माणसाला काय माहीत नाही हेच माहीत नसतं. डॉकर आणि यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) घ्या. उबुंटूचा सर्व्हर, यूएफडब्ल्यू चालू, बाहेरून फक्त २२ आणि ४४३ हे पोर्ट उघडे. पोस्टग्रेस डेटाबेसचा कंटेनर ५४३२ हा पोर्ट पब्लिश करून चालवला. यूएफडब्ल्यू स्टेटस विचारलं तर ५४३२ कुठेच दिसत नाही. माणूस निर्धास्त. प्रत्यक्षात डेटाबेस जगाला उघडा! डॉकर नॅट टेबलात स्वतःचे नियम घालतो, पॅकेटचा पत्ता तिथेच बदलतो आणि ते फॉरवर्ड साखळीतून (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या नियमांतून) कंटेनरकडे जातं. यूएफडब्ल्यूचे तुम्ही लिहिलेले नियम इनपुट साखळीत (खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांत), तिथे ते पॅकेट फिरकतच नाही. उपाय साधा आहे, पोर्ट १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनला दिसणाऱ्या पत्त्यावर) बांधा किंवा डॉकर-यूजर साखळीत नियम लिहा. पण आयपीटेबल्समधून (लिनक्सच्या पॅकेट-नियमांमधून) पॅकेट कसं जातं हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला शंका तरी कशी येणार?

रात्रपाळी

डॉकरच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. मी तिथेच वाचलं, कर्नल न शिकता. वरून सुरुवात करणारा वाचतच नाही, हे तुम्ही गृहीत धरताय. ठेच लागली की माणूस खाली उतरतो आणि तेव्हा शिकलेलं पक्कं बसतं. सहा महिने पाया घालत बसलेली कितीतरी पोरं कंटाळून मध्येच सोडून देतात, ती तुमच्या मुलाखतीपर्यंत पोचतच नाहीत. तुम्हाला दिसतात फक्त वरून आलेले, म्हणून दोष त्यांच्यात दिसतो.

तंत्रनिकेतन_शिक्षिका

जिल्ह्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निकला शिकवते. चर्चा वाचून एक व्यवहारातली अडचण मांडते. आमच्या लॅबमधल्या मशीन्सना ४ जीबी रॅम. मिनिक्यूबला (एका मशीनवर चालणारं सरावाचं कुबरनेटिस) दोन सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क लागते. ब्राउझर उघडा ठेवून ते चालत नाही. क्लाउडचं फ्री खातं काढायला कार्ड मागतात. मुलांकडे ते नसतं, आणि पालकांचं कार्ड घालायला मी सांगणार नाही. मग शिकवायचं काय?

मूळ_लिनक्स

मॅडम, पहिले दोन महिने तुम्हाला दुसरं काहीच लागणार नाही. अनशेअर, आयपी नेटएनएस (नेटवर्क नेमस्पेस बनवणारी कमांड), सिस्टीमडी-रन (मर्यादा घालून प्रोग्राम चालवणारी कमांड) आणि पॉडमन हे सगळं ४ जीबीवर आरामात चालतं. नेटवर्कचा प्रयोग असा घ्या: दोन नेटवर्क नेमस्पेस बनवायचे, व्हेथची (आभासी नेटवर्क केबलच्या टोकांची) जोडी घेऊन एकेक टोक एकेका नेमस्पेसमध्ये सरकवायचं, दोन्हीकडे आयपी द्यायचे आणि पिंग करायचं. मग मध्ये ब्रिज (आभासी स्विच) टाकून तिसरा नेमस्पेस जोडायचा. डॉकरच्या ब्रिज नेटवर्कमध्ये मुळात हेच चालतं. मेमरीचा प्रयोग करताना सिस्टीमडी-रनमध्ये मेमरीमॅक्ससोबत मेमरीस्वॅपमॅक्स शून्य ठेवा. नाहीतर प्रोसेस स्वॅपमध्ये सरकते, मरत नाही, आणि मुलांना वाटतं मर्यादा लागूच झाली नाही.

रात्रपाळी

४ जीबीच्या लॅबसाठी यापेक्षा चांगला रस्ता माझ्याकडेही नाही, हे कबूल. पण मॅडम, एक विनंती. शेवटच्या महिन्यात एका बऱ्या मशीनवर के३एस (हलकं कुबरनेटिस) चढवा आणि सगळ्या मुलांना त्याच क्लस्टरवर आपापला नेमस्पेस (कर्नलचा नव्हे, क्लस्टरमधला कप्पा) द्या, रिसोर्स कोटा लावून. प्रत्येकाने एक डिप्लॉयमेंट यामलमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) लिहून चालवावं, मुद्दाम चुकीची इमेज देऊन पाडावं आणि इव्हेंट वाचून उभं करावं. बायोडेटावर तो शब्द नसेल तर या मुलांना कॉलच येणार नाही.

क्लाउडवाली

त्याच क्लस्टरवर आरबॅक (कुबरनेटिसमधल्या परवानग्या) पण शिकवा. एकीने दुसरीच्या नेमस्पेसमधलं पॉड डिलीट करायचा प्रयत्न करायचा आणि "फॉरबिडन" बघायचं. आयएएम समजावायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

मिरजकर

आणि एक तास रिस्टोअरला ठेवा. बॅकअप घेतलेली व्हीएम दुसऱ्या मशीनवर उठवून आतला डेटाबेस उघडतोय का, ते प्रत्येकाच्या हातून झालं पाहिजे. अशी दोन पोरं तयार झाली तर मला कळवा, इकडे काम आहे.